खडीतलं स्फुरद

लोधिवलीच्या थांब्यावर पनवेलकडे जाणारी एसटी थांबली आणि एक माणूस खांद्यावर गोण घेऊन चढला. गोण खाली टेकवताना असा दणका बसला की कंडक्टर तिकिटं द्यायचा थांबला.

"काय आहे त्यात?"

"दगड."

"दगड? कुठे नेताय?"

"मुंबईला. कॉलेजात."

"अहो, मुंबईत दगड संपले काय?"

गाडी हसली. त्या माणसाने काही न बोलता लगेजचं तिकीट काढलं, गोण सीटखाली सरकवली आणि पनवेल येईपर्यंत तिच्यावर पाय ठेवून बसला. त्याला कॉलेजात सगळे मामा म्हणत. महाराष्ट्रातल्या कॉलेजांतून प्रयोगशाळा सहायकाला, शिपायाला मामा म्हणायची रीतच आहे. ते नाव एकदा चिकटलं की माणसाचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरतं. मामा भूशास्त्र विभागात सहायक होते. दगड कापायचे, घासायचे, काचेवर चिकटवून इतके पातळ करायचे की त्यांतून उजेड आरपार गेला पाहिजे, हे त्यांचं काम. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी ते केलं. गोणीतले दगड मात्र त्यांच्या गावचे होते. घाटमाथ्याखालच्या खडकांवर पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थ्याला पनवेल ते खोपोली या पट्ट्यातले नमुने हवे होते आणि रविवारी गावी जाणारा दुसरा कोणी विभागात नव्हता.

ज्यांनी जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने प्रवास केलाय त्यांना हा भाग ठाऊक असतो. चौक, लोधिवली, एका अंगाला रसायनी आणि पाताळगंगा, दुसऱ्या अंगाला इर्शाळ आणि प्रबळगडाचे सुळके, मागे माथेरानची सपाट पाठ. खालापूर आणि पनवेल तालुक्यांच्या या पट्ट्यात डोंगराच्या कुशी कुठेकुठे चावून काढल्यासारख्या दिसतात. त्या क्वाऱ्या. 'दगडखाण' हा शब्द परवान्याच्या कागदावर असतो. माणसं क्वारीच म्हणतात.

मामांची पहिली नोकरी क्वारीवरचीच. दहावीनंतर दोन पावसाळ्यांच्या मधले आठ महिने क्रशरवर हजेरी लिहायची. सुरुंगाची वेळ झाली की लाल फडकं घेऊन रस्त्यावर उभं राहायचं, वाहनं अडवायची. मग धुरळा बसला की वडार समाजाची माणसं घण घेऊन मोठे धोंडे फोडायला जात. अजून ब्रेकर लावलेली पोकलेन सगळीकडे आलेली नव्हती. घण कुठे मारायचा हे त्या माणसांना दगडाकडे पाहूनच कळे. चुकीच्या जागी मारला तर घण उसळतो आणि मनगट दिवसभर झिणझिणतं, एवढं मामाही शिकले. काळ्याभोर, घट्ट, बारीक कणांच्या दगडाला क्वारीवर 'पक्का माल' म्हणत. भोकाभोकांचा, पांढरे ठिपके असलेला दगड 'खराब'. कंत्राटदार तो घेत नसे.

त्या खराब मालावरच काही माणसांचा डोळा असायचा.

भोकांमध्ये गारगोट्या असत. मोराच्या पिसाऱ्यासारखा पसरलेला स्टिल्बाइट, बर्फाच्या चौकोनी खड्यांसारखा अपोफिलाइट, सुयांच्या गुच्छासारखा स्कोलेसाइट. ही नावं मामांना पुढे कॉलेजात कळली. क्वारीवर सगळ्यांना एकच शब्द, गार. मुंबई-पुण्याचे व्यापारी येऊन गारा विकत घेत आणि त्या परदेशी संग्राहकांकडे जात. हा व्यवहार जुना आहे. 1856 ते 1863 या काळात बोरघाटातून रेल्वेचा मार्ग खोदला गेला, पंचवीस बोगदे पाडले गेले, तेव्हा निघालेले स्फटिक साहेब लोकांबरोबर विलायतेच्या संग्रहालयांत पोचले. अलीकडच्या काळात वाघोलीच्या खाणींत सापडलेल्या निळ्याजर्द कॅव्हनसाइटने पुण्याचं नाव जगभरच्या संग्राहकांच्या तोंडी नेलं. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन या तिघांची आद्याक्षरं जोडून ते नाव झालंय. सिन्नरला तर गारगोटी याच नावाचं संग्रहालय उभं आहे. तेव्हा दख्खनच्या दगडातलं दुर्मीळ खनिज म्हटलं की पोकळीतला चमकता खडा, असा समज व्हायला जागा आहे.

मामांचाही तोच समज होता. गोण कॉलेजात उतरवली तेव्हा विभागातल्या सरांना दाखवायला त्यांनी वरच एक छान गार असलेला तुकडा ठेवला होता. सरांनी तो कौतुकाने पाहिला, बाजूला ठेवला आणि गोणीच्या तळातला सर्वात काळा, सर्वात रुक्ष धोंडा उचलला. "हा कापा," म्हणाले.

काप करायची कृती ऐकायला सोपी आहे. हिऱ्याची धार असलेल्या करवतीवर पाण्याच्या धारेखाली दगडाची चकती कापायची, तिचा आगपेटीहून लहान तुकडा काढायचा. मग त्याची एक बाजू घासायची. आधी फिरत्या लोखंडी तबकडीवर जाड कार्बोरंडम पूड, मग काचेवर बारीक, मग आणखी बारीक. बोटांनी दाब देत इंग्रजी आठचा आकडा काढत राहायचं. गोल गोल घासलं तर कडा उतरते. पूड बदलताना हात, नखं, टेबल, सगळं धुवायचं. जाड पुडीचा एक कण बारकीत आला तर अर्ध्या तासाची मेहनत एका ओरखड्यात जाते. मामा त्यासाठी पुडीच्या दर नंबराला वेगळा टॉवेल ठेवत आणि कुणी विद्यार्थ्याने चुकून सहाशेच्या टॉवेलला हात पुसले तर दिवसभर त्याच्याशी बोलत नसत.

घासलेली बाजू काचपट्टीवर चिकटवायला कॅनडा बाल्सम. हा एका सूचिपर्णी झाडाचा डिंक. तो गरम पट्टीवर शिजवावा लागतो आणि त्याचा पाक जमला की नाही हे आई लाडवांना बघते तसंच बघायचं. सुईच्या टोकाने थेंब उचलायचा, गार होऊ द्यायचा, नखाखाली दाबायचा. चिकटला तर कच्चा. भुगा झाला तर करपला. टक् करून मोडला तर लगेच दगड ठेवायचा आणि खालची हवा पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दाबून काढायची. एक बुडबुडा राहिला तर त्या जागी दगड पुढे उडून जातो. नंतर अरल्डाइट आलं, काम सोपं झालं. पण मामांचा जीव बाल्सममध्येच. "त्याला वास आहे," एवढंच कारण ते सांगत.

यानंतर खरी परीक्षा. आता दुसरी बाजू घासायची आणि दगड 0.03 मिलिमीटरवर, म्हणजे तीस मायक्रॉनवर आणायचा. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा धरला तर त्याच्या निम्म्याहून पातळ. एवढं मोजायला विभागात यंत्र नव्हतं. मोजमाप दगडच द्यायचा. बेसॉल्टात, म्हणजे आपल्या या काळ्या दगडात, प्लॅजिओक्लेज नावाच्या खनिजाच्या पट्ट्या असतात. काप सूक्ष्मदर्शकाखाली दोन आडव्या-उभ्या ध्रुवक काचांच्या मध्ये धरला की त्या पट्ट्या रंग दाखवतात. केशरी दिसल्या तर अजून जाड. पिवळ्या दिसल्या तर जवळ आलात. राखाडी-पांढऱ्या झाल्या की थांबा. पिवळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचं अंतर हाताच्या दहाबारा फेऱ्यांचं असतं, आणि पांढऱ्यापासून रिकाम्या काचेपर्यंतचं त्याहून कमी.

लोधिवलीचा पहिला काप मामांनी घालवला. कारण सांगण्यासारखं नाही. खाली कुणीतरी चहाला हाक मारली, त्यांनी "आलो" म्हणून दोन फेऱ्या जास्त मारल्या. काच उचलली तर एका कोपऱ्यात दगड, बाकी नुसती पाण्याने चमकणारी काच. दुसरा काप त्यांनी दुपारी जेवण टाळून केला.

तो सरांनी पाहिला. बराच वेळ पाहिला. मग खुर्ची सोडून म्हणाले, "बसा मामा. तुमच्या गावाला फॉस्फेट आहे."

दुर्मीळ फॉस्फेटांच्या गोष्टी बहुतेक वेळा अशा सुरू होत नाहीत. जगातल्या फॉस्फेट खनिजांची यादी मोठी आहे, पण आपल्या बेसॉल्टात जे भेटतं ते मुख्यतः एकच, ॲपेटाइट. कॅल्शियम, फॉस्फरस आणि ऑक्सिजन, त्यांच्याबरोबर फ्लोरिन, क्लोरिन किंवा हायड्रॉक्सिल यांपैकी कोणीतरी. जगाच्या हिशेबात हे खनिज मुळीच दुर्मीळ नाही. कॅनडात, ब्राझीलमध्ये त्याचे बोटाएवढे हिरवे, निळे, जांभळे स्फटिक मिळतात. मोहसच्या काठिण्याच्या मोजपट्टीवर पाचव्या जागी तेच बसलंय. भूशास्त्राच्या पहिल्या वर्षाला जी लाकडी पेटी हातात देतात तिच्यातला पाच नंबरचा खडा तो. चाकूच्या पात्याने जेमतेम ओरखडा उठतो, इतकं त्याचं काठिण्य. आपले दात आणि हाडंही त्याच कुळातली. पण सह्याद्रीच्या काळ्या दगडात ते नुसत्या डोळ्याला दिसेल असं भेटणं विरळा. इथे ते असतं केसाहून बारीक सुयांच्या रूपात, आणि तेही दगडाच्या अगदी शेवटच्या सांदीत.

शेवटच्या का, हे सरांनी मामांना पंगतीच्या भाषेत समजावलं आणि ते त्यांना इतकं पटलं की पुढे वीस वर्षं ते विद्यार्थ्यांना तसंच सांगत राहिले. लाव्हा थिजताना खनिजं एकदम बनत नाहीत. ऑलिव्हिन, प्लॅजिओक्लेज, ऑजाइट ही मंडळी पहिल्या पंगतीला बसतात आणि आपल्याला हवे ते अणू उचलून घेतात. फॉस्फरसला त्यांच्या पाटावर जागा नाही. तो उरलेल्या रसात मागे राहतो. रस जसजसा आटत जातो तसतसं त्याचं प्रमाण वाढत जातं, आणि अगदी सरतेशेवटी, जेव्हा पट्ट्यांच्या मधल्या फटींत थेंबभर रस उरलेला असतो, तेव्हा त्याची पंगत बसते. म्हणून ॲपेटाइटच्या सुया त्या फटींतल्या काचेतच सापडतात.

मामांनी डोळा लावला तेव्हा त्यांना काहीच दिसलं नाही. पांढऱ्या पट्ट्या, तपकिरी ऑजाइट, काळे ठिपके, मधे धुरकट तपकिरी काच. "फोकस हळूच वरखाली करा," सर म्हणाले. केला. आणि त्या धुरकट काचेतून एक रेघ वर आली, बुडाली, पुन्हा वर आली. मग दुसरी. तीन-चार मायक्रॉन जाडीची सुई तीस मायक्रॉनच्या कापात पाण्यातल्या मासोळीसारखी कुठल्याही खोलीवर असू शकते. म्हणून फोकस फिरवल्याशिवाय ती सापडत नाही. ॲपेटाइटचा अपवर्तनांक 1.63 च्या आसपास, भोवतालच्या काचेचा त्याहून कमी. या फरकामुळे सुईच्या कडा गडद, उठून दिसतात. ध्रुवक आडवा सरकवला की मात्र ती जवळजवळ विझते, कारण दुहेरी अपवर्तन फारच क्षीण. आणि एखादी सुई नेमकी आडवी कापली गेली तर दिसतो चिमुकला षटकोन. सूक्ष्मदर्शकाची स्टेज कितीही फिरवा, तो काळाच राहतो.

एका कोपऱ्यात मामांना तसा षटकोन मिळाला. मधमाशीच्या पोळ्यातलं एक घर कुणी टाचणीच्या टोकाने काढावं, तसा.

ॲपेटाइट हे नाव 1786 साली आब्राहाम वेर्नर या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने दिलं. ग्रीक भाषेतल्या फसवणुकीच्या शब्दावरून. पाचू-वैडूर्याच्या कुळातला बेरिल, तुरमली, अशा कितीतरी खड्यांशी त्याची गल्लत व्हायची म्हणून. मामांच्या मते ते नाव चुकीचं आहे. त्यांच्या अनुभवात या खनिजाने कुणाला फसवलं नाही; बघणाऱ्यांनी फोकस फिरवला नाही, एवढंच.

खात्री करायची दुसरी पद्धत रसायनवाल्यांकडे होती. दगडाची पूड नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवायची, अमोनियम मॉलिब्डेट घालायचं, किंचित तापवायचं. फॉस्फेट असेल तर हळदीसारखा पिवळा साका बसतो. मामांनी ती नळी हातात धरून पाहिली. कणभर पिवळेपणा तळाशी होता. आकडा नंतर आला. दख्खनच्या बेसॉल्टात फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या हिशेबाने साधारण 0.2 टक्के, कुठे थोडं कमी, कुठे जास्त. शेतीच्या भाषेत ज्याला स्फुरद म्हणतात, ते याच हिशेबाने मोजतात.

हा शब्द ऐकला आणि मामांचं डोकं वेगळ्याच वाटेला लागलं.

लोधिवलीत त्यांच्या घरची भातशेती. उन्हाळ्यात राब भाजायचा, म्हणजे पालापाचोळा, शेण, टहाळ पसरून रोपवाटिकेची जागा जाळायची. मग पाऊस, चिखलणी, लावणी. लावणीनंतर खत. वडील पनवेलहून सुफलाची गोण आणत. ट्रॉम्बेच्या कारखान्यातली, 15:15:15, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी पंधरा टक्के. गोणीवरचे ते तीन आकडे गावात अक्षरओळख नसलेल्यालाही पाठ असत. पन्नास किलोच्या गोणीत साडेसात किलो स्फुरद. आता क्वारीचा हिशेब. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. फुटलेली खडी ब्रासला ढोबळ साडेचार टन भरते. तिच्यात 0.2 टक्क्यांनी नऊ किलो स्फुरद.

म्हणजे ज्या डंपरला मामा फडकं दाखवून वाट करून देत होते, त्यातल्या दर ब्रासमध्ये सुफलाच्या एका गोणीहून थोडं जास्तच स्फुरद बसून जात होतं, पनवेलच्या इमारतींत आणि रस्त्यांच्या डांबराखाली. सगळं स्फुरद ॲपेटाइटातच आहे असं धरलं तर त्या खनिजाचा वीसेक किलो माल. हा हिशेब मामांनी कॉलेजच्या जर्नलच्या मागच्या पानावर तीनदा केला. पुढच्या रविवारी वडिलांना सांगितला.

वडील म्हणाले, "दगडात खत असतं तर डोंगरावर भात पिकला असता."

माणूस शिकलेला नव्हता पण उत्तर बिनचूक होतं. ॲपेटाइट पाण्यात विरघळायला फार कुचराई करतं. पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या कोकणपट्टीत खडक कुजून त्याची माती होते, पण सुटलेल्या स्फुरदाला मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम धरून बसतं. माथेरानच्या माथ्यावरचा तांबडा जांभा पाहिला की ते लोह किती आहे ते कळतं. खाचरात पाणी साचवून चिखल केल्यावर लोहाची पकड थोडी सैल पडते आणि भाताला काही स्फुरद मिळतं, हीच काय ती सवलत. राबाच्या राखेतूनही थोडं परत येतं. बाकीचं गोणीतून विकत घ्यायचं. कर्जतला भात संशोधन केंद्र आहे, तिथल्या 'कर्जत' नावाच्या वाणांचं बी या दोन्ही तालुक्यांत घरोघरी गेलंय. पण वाण कुठलाही असो, स्फुरदाची मात्रा लिहिलेली असतेच.

आणि गोणीतलं स्फुरद येतं कुठून, तर पुन्हा दगडातूनच. राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटड्याला 1968 साली फॉस्फेट खडकाचा मोठा साठा सापडला. पण देशाची गरज त्याने भागत नाही. मोरोक्को, जॉर्डन अशा देशांतून हा खडक जहाजाने येतो. तोही ॲपेटाइटचाच, फक्त समुद्रतळावर साचलेला आणि आपल्या बेसॉल्टाच्या शंभरपट श्रीमंत. सुफलासाठी तो नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवतात. प्रयोगशाळेतल्या परीक्षानळीत मामांनी जे पाहिलं होतं तीच पहिली पायरी, टनांच्या हिशेबाने. एकूण काय, लोधिवलीच्या खाचरात आफ्रिकेतला दगड पडत होता आणि लोधिवलीचा दगड मुंबईच्या पायात. यात तोटा कुणाचा, हे मामांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

ज्या विद्यार्थ्यासाठी हे सगळं चाललं होतं त्याला स्फुरदाची पर्वा शेताच्या अंगाने नव्हती. 1980च्या दशकात आयआयटी मुंबईचे के. व्ही. सुब्बाराव, वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीचे पीटर हूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातल्या लाव्हाच्या थरांची रासायनिक ओळखपत्रं तयार केली होती. डोळ्याला सारख्याच दिसणाऱ्या काळ्या थरांना रसायनावरून वेगळं करायचं. त्या थरसमूहांची नावं वाचताना मामांना घरच्या रस्त्यावरून चालल्यासारखं वाटे. नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा. कर्जत लोकलच्या प्रवाशाला पाठ असलेली नावं जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाला लावलेली. कर्जत तालुक्यातल्या कशेळ्याच्या नावाचा एक थर आहे, त्यात प्लॅजिओक्लेजच्या बोटाएवढ्या पांढऱ्या पट्ट्या दिसतात. तेवढा मात्र क्वारीवरच्या मुकादमालाही ओळखता येईल.

प्रबंध झाला. बांधून आला. ऋणनिर्देशाच्या दोन पानांत अनेक नावं होती, मामांचं नव्हतं. 'प्रयोगशाळेतील कर्मचारी' या दोन शब्दांत ते आले असं धरायचं. मामांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. प्रबंधातल्या छायाचित्रांपैकी एकाखाली 'लोधिवली' छापलं होतं, त्या पानात त्यांनी एसटीचं तिकीट खूण म्हणून घालून ठेवलं होतं, एवढं ग्रंथपालाने पाहिलं.

एकदा विद्यार्थ्यांची सहल राजमाचीच्या पायथ्याला कोंढाण्याच्या लेण्यांत गेली. आत वटवाघळांचा उग्र वास. सरांनी सांगितलं की वटवाघळांच्या विष्ठेत स्फुरद भरपूर असतं, ते मातीशी, खडकाशी मिसळून गुहांमध्ये टॅरानाकाइट, ब्रशाइट अशी वेगळीच फॉस्फेटं बनतात. मामांचा हात खिशातल्या चाकूकडे गेला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेण्याची भिंत खरवडायची नसते हे त्यांना सांगावं लागलं नाही, पण परतीच्या वाटेवर ते दोनदा मागे वळून पाहत होते.

सेवानिवृत्तीनंतर गावी असताना एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. सप्टेंबर 2022 ची गोष्ट. चीनच्या चांग'अ-5 यानाने डिसेंबर 2020 मध्ये चंद्रावरून 1,731 ग्रॅम माती-दगड आणले होते. त्यात नवं खनिज सापडलं, चांगसाइट. तेही फॉस्फेट. चंद्रावर मिळालेलं ते सहावं नवं खनिज. एक लाख चाळीस हजार कण चाळून त्यांतून जो एक स्फटिक वेगळा काढला तो दहा मायक्रॉनच्या आसपासचा.

"कुठल्या दगडात?" मामांनी विचारलं.

"बेसॉल्टात, मामा."

"मग बरोबर. शेवटच्या पंगतीला असणार."

अंदाज रास्त होता. चंद्रावरचा लाव्हाही असाच थिजला, फॉस्फरस तिथेही मागे राहिला. अपोलोच्या दगडांत शास्त्रज्ञांना जे मिश्रण मिळालं त्याचं नावच त्यांनी पोटॅशियम, विरळ मृदा आणि फॉस्फरस यांच्या आद्याक्षरांवरून 'क्रीप' ठेवलंय. पहिल्या पंगतींनी नाकारलेल्यांची ती यादी. पण मामांना अडकलं ते दुसरीकडेच. दहा मायक्रॉनचा खडा तीस मायक्रॉनच्या कापात बुडून जाईल, घासताना शेवटच्या दोन फेऱ्यांत निघूनही जाईल, आणि कुणाला पत्ता लागणार नाही. "त्या पोराने चहाला उठायला नको होतं," ते हसत म्हणाले. कुठला पोरगा, ते फोनवरच्याला कळलं नाही.

ज्या क्वारीतून ती गोण भरली होती ती आता बंद आहे. खड्ड्यात पाणी साचलंय आणि त्यात पोरं पोहतात, जे त्यांनी करू नये. पलीकडे पनवेल-कर्जतच्या नव्या रेल्वेमार्गासाठी वावर्ल्याला अडीच किलोमीटरहून लांब बोगदा खोदला गेला. तिथून ताजा, काळाभोर दगड निघाला. मामा एकदा बघायला गेले होते. पहारेकऱ्याने आत सोडलं नाही. बाहेर पडलेल्या ढिगातून त्यांनी मुठीएवढा तुकडा उचलून आणला, तो ओसरीवर दाराला अडसर म्हणून आहे. कापायला करवत नाही, बघायला सूक्ष्मदर्शक नाही.

कॉलेजातली कापांची लाकडी पेटी मात्र अजून असावी. शंभर खाचांची, कोपऱ्याला पितळी पट्टी, झाकणाच्या आतून पेन्सिलीने लिहिलेली यादी. अशा पेट्या महाराष्ट्रातल्या भूशास्त्र शिकवणाऱ्या पुष्कळ कॉलेजांत असतात. विभाग छोटे झाले, खोल्या बदलल्या, तशा त्या माळ्यावर जातात आणि तिथून भंगारात. ज्या क्वाऱ्या बुजल्या, ज्या डोंगरांच्या कुशी गेल्या, त्यांचा दगड कित्येकदा त्या काचांवरच उरलेला असतो. मामांचं सांगणं आहे की अशी पेटी तुमच्या हाती आली तर टाकू नका, फुटलेली काचही वेगळ्या पुडीत बांधा, आणि नवं लेबल लावायचं झालं तर गावाचं नाव पेन्सिलीनेच लिहा. शाई उडते.